टायरांचा जिना

पंक्चरशेठ हा काही शेठ नव्हता. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे एकच होतं, ते म्हणजे पोट, आणि तेही बायकोच्या हातचं खाऊन आलेलं. बाकी मालमत्ता म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी रस्त्याला लागून एक पत्र्याचं दुकान, धाप लागल्यासारखा चालणारा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं, आणि दुकानामागे टायरांचा ढीग. ढीग किती मोठा म्हणाल, तर त्याची थोरली बहीण आक्का म्हणायची, "लोक डोंगर पोखरतात, माझ्या भावाने डोंगराला डोंगर जोडलाय."

आता एवढी टायरं त्याने का साठवली, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला वेडा समजाल. गिऱ्हाईक नवीन टायर चढवून जायचं आणि जुनं तिथंच टाकून जायचं. पूर्वी पंक्चरशेठ ती भंगारवाल्याला देऊन मोकळा व्हायचा. एकदा वस्तीच्या टोकाला, कचरा टाकतात त्या माळावर, काळा धूर उठला. वाळत घातलेले कपडे काळे झाले, म्हातारी माणसं खोकून खोकून बेजार झाली. हा बघायला गेला, तर भंगारवाले आतल्या तारेसाठी टायरं जाळत होते, आणि त्यातली निम्मी याच्याच दुकानातली! एक तर त्याने स्वतःच्या हाताने कितीदा तरी जोडलेलं होतं, त्याचे पॅचसुद्धा ओळखू आले. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर त्याने भंगारवाल्याला एक टायर दिलं असेल तर शपथ.

माणूस चांगला, पण चांगुलपणाचेही ताप असतात. ढिगातल्या टायरांत पाणी साचायचं, पाण्यात डास व्हायचे, आणि डास काही पंक्चरशेठला एकट्यालाच चावत नव्हते, टेकडी चढून वस्तीभर जायचे. आक्का संध्याकाळी दारात बसून एका हाताने स्वतःच्या दंडावर चापट मारायची आणि दुसऱ्या हाताने भावाच्या नावाने बोटं मोडायची. "अरे, काय उबवतोयस का ती अंडी?" असं ती विचारायची. हा म्हणायचा, "असू दे गं. अजून जीव आहे त्यांच्यात." जित्याची खोड, दुसरं काय.

पण खरी गोष्ट टायरांची नाही. खरी गोष्ट त्याच्या बायकोची.

तिला सगळे टेलरबाई म्हणत. नवऱ्याच्या दुकानाला लागूनच तिचं शिवणाचं दुकान होतं. छोटीशी खोली, खिडकीजवळ जड लोखंडी मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट झगे. वस्तीतली एकही मुलगी अशी नव्हती जिचं माप तिच्या डोक्यात नव्हतं. नवरा-बायको सकाळी घराला कुलूप लावून बरोबर टेकडी उतरायचे, दिवसभर मधल्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकून एकमेकांना चहा झाला का विचारायचे, आणि अंधार पडायच्या आधी बरोबर चढून जायचे. भांडणंही भिंतीतूनच व्हायची. गिऱ्हाइकांना त्यात फार रस असे.

घर मात्र वर, टेकडीच्या माथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळ. आणि घर ते दुकान यांच्यामध्ये तो उतार. मेला तो उतार! टाकी भरली की वाहायची, आणि ती रोजच भरून वाहायची, कारण कॉक बंद करणारा माणूस कॉक उघडून कुठे जायचा ते देवाला माहीत. पाणी सगळं उतारावर. बारा महिने चिखल, शेवाळ, घसरण. पायऱ्या बांधा म्हणून वस्तीने अर्ज-विनंत्या करून पाहिल्या. पालिका म्हणायची उतार टाकीवाल्यांचा, टाकीवाले म्हणायचे उतार पालिकेचा. दोघांचाही नसलेला उतार मग माणसांना पाडत बसला.

एका सकाळी त्याने टेलरबाईला पाडलं. गुडघा मोडला. दवाखाना झाला, प्लास्टर झालं, आणि घरी आणायची वेळ आली तेव्हा चौघांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून उतारावरून वर नेलं. सगळी वस्ती दारादारांत उभी. कुणी म्हणतंय, "सांभाळून रे," कुणी म्हणतंय, "पालखी चालली." टेलरबाईने डोळे मिटून घेतले. घरात खुर्ची टेकली तशी ती नवऱ्याला म्हणाली, "चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच यावी, आणि तेव्हा त्याला काही कळत नसावं. माझी ती वेळ अजून यायचीय. आता मी खाली जाईन ती माझ्या पायांनी. नाही जमलं तर नाही जाणार."

गुडघा सांधला. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, काही होत नाही." ती घरातल्या घरात चालू लागली, अंगणात चालू लागली, आक्काच्या दारापर्यंत जाऊन भांडून परत येऊ लागली. पण उताराच्या तोंडाशी गेली की पाय थबकायचा. काठी टेकायची, खाली बघायची, आणि "आज नको" म्हणून माघारी फिरायची. असे कितीतरी "आज नको" झाले. खाली तिच्या दुकानाचं शटर बंदच राहिलं. बाया कपडे शिवायला दुसरीकडे जाऊ लागल्या. शेजारच्या भिंतीवर ठोकायला कुणी नाही म्हणून पंक्चरशेठ गप्प बसून काम करायचा, आणि त्याच्या हातून एकदा पंक्चर नसलेल्या ट्यूबला पॅच बसला, यावरून काय ते समजा.

तो एकदा म्हणाला, "मशीनच वर आणू का? इथं दारात बसून शिव."

ती केवढ्याने ओरडली! "मशीन वर आणलंत ना, तर मी खाली कशाला जाईन? मग मी इथलीच झाले. हात लावायचा नाही मशीनला."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. पण त्याला कळून चुकलं की बायकोला गुडघ्याची भीती उरलेली नाही. तिला भीती आहे ती कायमचं वरच राहून जाण्याची. आणि दिवस जातील तशी ती भीती खरी होत चालली आहे.

त्या उतारावर काय करावं याचा विचार करून त्याचं डोकं शिणलं. सिमेंट वर चढवायचं कसं, फरशा टिकायच्या कशा, दगड आणायचे कुठून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ढिगाला पाठ लावून हा माणूस पायऱ्यांचा विचार करत होता!

डोळे उघडले ते सिलिंडरवाल्यामुळे. हा सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन रोज उतार चढायचा, आणि अर्ध्यात दम खायला टेकवायला काहीतरी हवं म्हणून त्याने कधीतरी ढिगातलं एक टायर उचलून उतारावर नेऊन टाकलं होतं. विचारून नेलं होतं का? छे! टायर तिथंच राहिलं. वरून गाळ येत गेला, टायरात भरत गेला, गवत उगवलं. एका सकाळी पंक्चरशेठ उतरत होता, तर पुढे शाळेत जाणारी पोरं, त्यांच्यामागे दूधवाली, तिच्यामागे कुणीतरी म्हातारा, आणि सगळ्यांचा पाय नेमका त्या एकाच जागी पडत होता. टायरात. तिथं कुणी घसरत नव्हतं. हा मध्येच उभा राहिला, मागचा माणूस त्याच्यावर आदळला, तरी हा तिथंच.

"काय शेठ, पंक्चर झालात की काय?" सिलिंडरवाल्याने विचारलं.

"अरे गधड्या," पंक्चरशेठ म्हणाला, "तू पायरी बांधलीस!"

"मी? मी काही नाही केलं हो," सिलिंडरवाल्याने घाबरून हात वर केले. चोरीचं टायर होतं ना, मनात पाप.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकान दुपारी बंद आणि शेठ उतारावर. ढिगातली टायरं एकेक करून वर ढकलत न्यायची, उतारात खाच खणायची, टायर आडवं बसवायचं, वरून माती ओतायची, पायाने दाबायची, पुढचं टायर. आधी लोक हसले, मग एकाने हात लावला, मग दुसऱ्याने. सिलिंडरवाला तर पापक्षालन म्हणून रोज यायचा. टेलरबाई उताराच्या तोंडाशी पाट टाकून बसायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं पंक्चरशेठला फार आवडत होतं. त्याला वाटलं, ही खूश झाली.

काम पुरं झालं तेव्हा दिसायला काय झकास दिसलं! काळ्या टायरांची रांग खालपासून वरपर्यंत, मधोमध लाल माती. आक्कासुद्धा म्हणाली, "बरं दिसतंय हो," आणि आक्काने बरं म्हणणं म्हणजे दुसऱ्याने हारतुरे देणं. पंक्चरशेठ बायकोला म्हणाला, "चल, आज उतरू."

"उद्या," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर हसू होतं.

त्या रात्री टाकी अशी वाहिली की विचारू नका. सकाळी पाहिलं, तर टायरांत पाणी शिरलेलं, माती खचून चिखल झालेली, काही टायरं जागची सरकलेली. सिलिंडरवाला नेहमीच्या भरवशाने पाय टाकायला गेला आणि टायर त्याच्याखाली गादीसारखं दबलं नि उसळलं. तो एका बाजूला, सिलिंडर दुसऱ्या बाजूला. नशीब, सिलिंडर रिकामा होता. आणि हे होण्याच्या आधी, पहाटे कुणी उठायच्या आत, टेलरबाईने एकटीने येऊन पहिल्या टायरावर पाय ठेवून पाहिला होता. ते डुगडुगलं. ती परत जाऊन अंथरुणावर बसली. नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही, पण तिच्या चपलेला लाल चिखल होता, आणि पंक्चरशेठला तेवढं पुरेसं होतं. आपल्यामुळे बायको दुसऱ्यांदा पडली असती, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

दोन-तीन दिवस तो गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला. आक्का म्हणाली, "सोडून दे रे, झालं ते झालं." तेव्हा तिच्यावरही खेकसला.

मग एका दुपारी टेलरबाई काठी घेऊन उताराच्या तोंडाशी गेली आणि टायर ठोकून पाहू लागली. इथं ठोक, तिथं ठोक. मधोमध धप्प, कडेला भक्क. पुन्हा ठोकलं. धप्प. भक्क.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "हे कडेला पोकळ आहे."

"माती भरलीय," तो म्हणाला.

"मधे भरलीय. कडेच्या घडीत गेलेलीच नाही. उशी भरताना तोंड एवढंसं ठेवलं की कोपरे रिकामेच राहतात, कितीही कोंबा. तुम्ही तोंड मोठं केलंच नाहीत."

"तोंड मोठं म्हणजे?"

"वरची ही बाजू कापून टाका की. सरळ गोल. मग माती कडेपर्यंत ठासता येईल."

आता इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पंक्चरशेठचा चेहरा असा का पडला ते कळायचं नाही. टायरची जी बाजूची भिंत असते, तिला तो गाल म्हणायचा. ज्या उस्तादाने त्याला काम शिकवलं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तळ फाटला तर जोडता येतो, पण गालाला हत्यार लागलं की टायर मेलं. टायर उतरवताना लोखंडी पट्टी चुकून गालाला घासली तरी उस्ताद टपली मारायचा. सगळा जन्म पंक्चरशेठने गाल जपले. स्वतःची दाढी करताना कापून घेईल, पण टायरच्या गालाला ओरखडा नाही. उतारावर इतकी टायरं लावली, पण एकाचाही गाल कापायचं त्याच्या मनात आलं नाही. येणारच कसं? दुसऱ्या कुणीही हे काम केलं असतं तर पहिल्या दिवशीच सुरी चालवली असती. ही चूक करायला पंक्चरवालाच हवा.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "गाल कापायचा? मग उरलं काय त्या टायरात?"

"त्याला आता गाडीला लावायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

त्याने हात झटकले आणि खाली दुकानात निघून गेला. तिथं बसून ढिगातलं एक टायर पुढ्यात घेतलं, सुरी काढली, पाण्यात बुडवली, गालावर टेकवली. हात काही दाबेना. गिऱ्हाईक आलं, त्याने विचारलं, "काय करताय शेठ?" तर म्हणाला, "काही नाही, धार बघतोय." माणूस स्वतःशीच खोटं बोलू लागला की समोरच्याशी बोलायला किती वेळ लागतो!

संध्याकाळी तो वर आला तो काखेत टायर आणि हातात सुरी घेऊन. दोन्ही बायकोसमोर ठेवलं आणि म्हणाला, "माझ्याच्याने होत नाही बघ."

टेलरबाईने चष्मा चढवला. टायर मांडीवर आडवं घेतलं, खडूने गोल आखलं, जशी गळ्याची आखणी करायची तशी. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि एका जागी टोक खुपसून ओढत नेली. रबर करकरलं. पंक्चरशेठने मान फिरवली. खरंच फिरवली, डॉक्टरने सुई काढली की पोरं फिरवतात तशी. आक्का दारातून बघत होती. ती हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण आक्काला काही दाबता येतं का कधी? खो खो हसली. "अरे, तुझं ऑपरेशन चाललंय की टायरचं?"

गोल तुकडा सुटून बाजूला पडला. टेलरबाई म्हणाली, "एवढंच. कापल्याशिवाय काही शिवता येत नाही. कापड कितीही भारी असो, कात्री लावावीच लागते. मलाही पहिल्यांदा रडू आलं होतं, माझ्या आईने लग्नातलं कापड दिलं होतं कापायला."

हे तिने त्याला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मग सुरी त्याने मागून घेतली. दुसरं टायर त्याने कापलं. तोंड वाकडं करून, पण कापलं.

मग जे काम सुरू झालं ते आधीच्या कामासारखं नव्हतं. सगळी टायरं उपटली, वरचा गाल कापला, आणि पुन्हा बसवली. या वेळी वस्तीतला म्हातारा गवंडी आपणहून आला. आधी का नाही आलास विचारलं तर म्हणाला, "बोलावलं नाहीस." खरं होतं. त्याने बाजूने टाकीच्या पाण्याला चर काढून दिला, मातीत विटांचे तुकडे आणि खडी घालायला लावली, आणि प्रत्येक टायर धुम्मसने ठासून घेतलं. काठापर्यंत, घडीच्या आतपर्यंत. टेलरबाई वर बसून टायरं कापत होती आणि खालच्यांना काठीने ठोकायला लावून वरूनच आवाजावर पास-नापास करत होती. "हे धप्प. चालेल. हे पुन्हा भरा." तिच्यापुढे गवंड्याचंही काही चालेना. तो पंक्चरशेठला कानात म्हणाला, "तुझी बायको मुकादम झाली असती तर शहरातल्या इमारती पडल्या नसत्या."

ढीग बघता बघता ओसरला. मग लोकच आपापल्या दारामागची, छपरावरची, गॅरेजमधली टायरं आणून टाकू लागले. माळावर जाळायला नेणाऱ्या भंगारवाल्याने एक हातगाडी भरून आणली आणि म्हणाला, "मला तार काढून घेऊ द्या म्हणजे झालं." त्याला कापलेल्या गालांच्या आतल्या, तार असलेल्या कडा काढून दिल्या. त्या हंगामात माळावरचा धूर बंद झाला तो पुन्हा दिसला नाही. कापलेले गोल गाल तरी वाया का जावेत? ते सिलिंडरवाल्याने मागून घेतले. आता तो प्रत्येक दारात सिलिंडर उतरवताना खाली गाल टाकतो, म्हणजे फरशी फुटत नाही आणि बायांच्या शिव्या खाव्या लागत नाहीत. दोन-चार टायरं उरली ती आक्काने पळवली आणि त्यात भाजी लावली. डास कमी झाले हे मात्र तिने कबूल केलं नाही. म्हणाली, "हवा बदललीय." तिच्या दंडावर चापट पडलेली मात्र कुणी ऐकली नाही.

टाकी वाहिली. पुन्हा वाहिली. पायऱ्या हलल्या नाहीत. पाणी शहाण्यासारखं चरातून गेलं. शाळेची पोरं पळत उतरायची, पोस्टमन पत्रं वरपर्यंत आणून देऊ लागला, पूर्वी खालूनच नावाने ओरडायचा. पलीकडच्या वस्तीतले लोक बघायला आले. सगळा गाव त्या जिन्याने चढत-उतरत होता.

फक्त टेलरबाई नाही.

पंक्चरशेठने कडेने पाइपचा कठडाही बसवला. आक्काने ठरवून टाकलं होतं की भावजय उतरेल तेव्हा सगळ्यांनी जमायचं, टाळ्या वाजवायच्या, खाली पेढे वाटायचे. पंक्चरशेठ एका बाजूने हात धरणार आणि आक्का दुसऱ्या बाजूने. टेलरबाई हे सगळं ऐकायची आणि "बघू" म्हणायची. रोज "बघू". पंक्चरशेठच्या जिवाला घोर लागला. त्याला वाटलं, भीती आत मुरली. आता जिना सोन्याचा केला तरी ही उतरायची नाही. रात्री तो कूस बदलत राहायचा. तिला विचारायची हिंमत होत नव्हती, कारण ती "नाही" म्हणाली असती तर पुढे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि एका दुपारी तो घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होता. रस्त्यावर ऊन, कुणी नाही. पाण्यावर सावली पडली.

"अहो, माझ्या दुकानाची किल्ली कुठे ठेवलीत?"

त्याने वर पाहिलं. टेलरबाई. काठी एका हातात, दुसऱ्या हातात कापडाची पिशवी, कपाळावर घाम, पदर खोचलेला. मागे जिना रिकामा. कुणी धरून आणलं नव्हतं, कुणी पाहिलंही नव्हतं.

"तू... तू कशी आलीस?"

"पायांनी. किल्ली?"

त्याला किल्ली सापडेना. ती त्याच्या समोरच खिळ्याला होती, पण डोळ्यांत पाणी असलं की खिळा काय नि किल्ली काय. तिनेच हात वर करून काढली. शटर त्याने उचललं, धुळीने दोघंही शिंकले. तिने मशीनवरचं फडकं काढलं, चाक हाताने फिरवून पाहिलं, तेल घातलं, आणि बसली. तो दारात उभाच. "तुमचं गिऱ्हाईक थांबलंय," ती म्हणाली. तेव्हा तो गेला. जरा वेळाने मशीनचा आवाज आला. त्याने मधल्या भिंतीवर ठोकलं. पलीकडून ठोका आला आणि पाठोपाठ आवाज, "चहा सांगा."

आनंद तर झालाच. पण खोटं कशाला बोला, त्याला थोडं लागलंही. एवढा जिना आपण हिच्यासाठी बांधला, रबर कापताना जीव तुटला, आणि ही पहिल्यांदा उतरली तेव्हा आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. निदान हात तरी धरू द्यायचा होता. संध्याकाळपर्यंत हे त्याच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं. चहाचा कप त्याने जरा जोरातच ठेवला.

दुकानं बंद करून दोघं जिन्याच्या पायथ्याशी आले. वस्ती जागी होती. दारादारांत माणसं, कठड्यापाशी पोरं, आणि वर अंगणात आक्का कमरेवर हात ठेवून, "मला न सांगता उतरलीस का गं!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होती. पंक्चरशेठने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वाटेला लागला.

"अहो," टेलरबाई मागून म्हणाली. ती खालीच उभी होती. तिने काठी कठड्याला टेकवून ठेवली होती आणि हात पुढे केला होता. सगळ्या वस्तीच्या देखत.

"माझे हात काळे आहेत," तो म्हणाला. खरंच काळे होते, रबराचे. तो विजारीला पुसू लागला.

"असू दे काळे. धरा," ती म्हणाली. "उतरायचं होतं ते माझं मला उतरायचं होतं. कुणी धरून उतरवली असती तर उद्या पुन्हा धरायला लागलं असतं. पण चढायचं एकटीने असं कुठे म्हणाले मी? घरी तर तुमच्याबरोबरच जायचंय ना?"

त्याने हात धरला आणि दोघं चढू लागले.